पुढच्या पानावरचा पतंग

आमच्या सातारा-सांगलीकडे वानराचे कोणाला नवल नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेले अकरा मारुती याच मुलखात आहेत. चाफळचे दोन, शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव आणि शिंगणवाडी असे सात साताऱ्यात, बहे आणि शिराळा हे दोन सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यात. गावोगावच्या वेशीवरचा शेंदूर लावलेला मारुती त्याखेरीज वेगळाच. शनिवारी त्याला तेल घालायचे, रुईच्या पानांची माळ घालायची आणि घरी परतताना कौलांवर उड्या मारणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानरांना दगड मारायचे, हे आम्ही सगळ्यांनी लहानपणी केलेले आहे. दोन्ही एकाच हाताने!

अशा मुलखात 'माणूस वानरापासून झाला' हे वाक्य ऐकून कोणाच्या भावना दुखावू नयेत असे वाटते. पण दुखावतात. त्याहून वाईट म्हणजे त्या वाक्याने कधीकधी एखादे माणूसच दुखावले जाते. एक मुलगा तर माझ्याच वर्गात दुखावला गेला. ती गोष्ट आज सांगायची आहे. पण त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. इतिहास हाच माझा विषय, तेव्हा वाचकांनी जरा धीर धरावा.

१९८० च्या सुमाराला मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये होते. इतिहास घेऊन मराठी माध्यमातून बी. ए. झालेली बाई. विज्ञानाचे सर लांबच्या रजेवर गेले आणि त्यांचे तास माझ्याकडे आले. त्या काळी असे चालत असे. उत्क्रांतीचा धडा म्हणजे तरी काय, जुना इतिहासच, असे म्हणून मी तो शिकवायला घेतला. वर्गात एक मोठा तक्ता टांगला. डावीकडे ओणवा, केसाळ, गुडघ्यापर्यंत हात लोंबणारा एक प्राणी. त्याच्यापुढे थोडा उंच, त्याच्यापुढे आणखी ताठ, आणि सगळ्यांत उजवीकडे छाती काढून चालणारा गोरा, उंच माणूस. हे चित्र तुम्हीही पाहिले असेल. आता ते चहाच्या कपांवर आणि टी-शर्टवरही असते.

मी छडीने पहिला प्राणी दाखवला, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ह्यो पयला तर आपल्या वर्गातच हाय की!"

सगळा वर्ग एका मुलाकडे वळला आणि हसला. तो मुलगा रंगाने काळा होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येत असे. त्याचे नाव इथे लिहीत नाही. मी टेबलावर छडी आपटली, "गप्प बसा" म्हटले. पण त्याआधी क्षणभर मीही हसले होते. ते त्याने पाहिले.

तो धडा मी तसाच पुढे नेला. पुढच्या पानावर एका पतंगाची दोन चित्रे होती. एक पांढरा, एक काळा. खाली पाचसहा ओळी. घंटा व्हायला आली होती. "हे परीक्षेला येत नाही, घरी वाचून घ्या," असे सांगून मी पुस्तक मिटले. तो मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही. वर्षाअखेरीस त्याने शाळा सोडली. कारण घरची परिस्थिती असे दाखल्यावर लिहिले गेले.

निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळाला. सांगलीच्या वाचनालयात बसून जे जे राहिले होते ते वाचू लागले, तेव्हा ते सोडून दिलेले पान पहिल्यांदा आठवले. मग दोघांचाही इतिहास वाचला, तक्त्यावरच्या त्या केसाळ प्राण्याचा आणि पुढच्या पानावरच्या पतंगाचाही. वाचता वाचता माझी खात्री होत गेली की शिकवायचा होता तो पतंग. वानराने आपल्याला भांडायला लावले. उत्क्रांती म्हणजे काय, हे दाखवले ते पतंगाने.

आधी वानराचे पाहू. पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. आपण ज्याला वानर म्हणतो ते लांब शेपटीचे, काळ्या तोंडाचे. माकड म्हणजे लाल तोंडाचे. उत्क्रांतीच्या चर्चेत ज्यांचा संबंध येतो ते दोन्ही नव्हेत. ते म्हणजे ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो. त्यांना शेपूट नाही. शास्त्रीय पुस्तकांत त्यांना कपी म्हणतात. यांपैकी एकही भारतात रानात सापडत नाही. ईशान्येच्या जंगलात हुलॉक गिबन आहे, पण तो धाकट्या पातीतला. म्हणजे जो प्राणी आमच्याकडे कोणी रानात पाहिलेलाच नाही, त्याच्यावरून आम्ही भांडत आलो, आणि डोळ्यांसमोर मात्र कौलांवरचे वानर ठेवले.

डार्विनने असा कपी पहिल्यांदा पाहिला तो मार्च १८३८ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात. जेनी नावाची ओरांगउटान मादी होती. राखणदाराने सफरचंद दाखवले आणि दिले नाही, तेव्हा तिने हट्टी पोरासारखे पाय आपटून आकांडतांडव केले. डार्विनला ते पाहून हसू आले नाही. त्याने ते टिपून ठेवले. एकवीस वर्षांनी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, त्याचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्याने माणसाबद्दल जेमतेम एक वाक्य लिहिले होते. पण लोकांनी वाचला तो माणूस आणि वानरच. १८६० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि हक्सली यांची जी प्रसिद्ध खडाजंगी झाली, ती आजही 'वानर तुमच्या आजोबांकडून की आजीकडून' या खोचक प्रश्नासाठीच सांगितली जाते, तीही तिखटमीठ लावून. १८७१ मध्ये डार्विनने माणसाच्या वंशावर पुस्तक लिहिले, तेव्हा वानराच्या धडावर त्याचे दाढीवाले डोके लावलेले व्यंगचित्र छापून आले.

गंमत अशी की वानर आपला आजोबा आहे असे डार्विनने म्हटलेच नव्हते. त्याच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखी आहे. शिडी नाही त्यात. आपल्या खेड्यातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याला वंशावळ ठाऊक असते. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. मूळ पुरुष केव्हाच गेला. वाटणी साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी झाली. तो जंगलातल्या वाटणीवर राहिला, आपण दुसरीकडे गेलो. २००५ मध्ये चिंपांझीच्या जनुकांचा सगळा आराखडा वाचून झाला, तेव्हा जिथे आपली आणि त्याची अक्षरे एकासमोर एक मांडता येतात तिथे शंभरात साधारण एका अक्षराचाच फरक निघाला. एवढे भाऊबंद. मग 'आत्ताची माकडे माणसे का होत नाहीत' हा जो प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच, त्याचे उत्तर सोपे आहे. चुलत्याचा मुलगा कितीही वाट पाहिली तरी तुम्ही होत नाही. तो त्याचा तो राहतो.

पण तक्ता हे सांगत नाही. तक्ता सांगतो की एक रांग आहे, मागचा खालचा आणि पुढचा वरचा. हे चित्र मुळात १९६५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका लोकप्रिय पुस्तकासाठी रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने काढले. त्यात पंधरा आकृत्या होत्या, आणि ही सरळ वंशरेषा नाही असे पुस्तकातच म्हटलेले होते. ते कोण वाचतो? चित्र राहिले आणि जगभर गेले.

आपल्या भाषेनेही या शिडीला हातभार लावला आहे असे मला वाटते. 'उत्क्रांती' या शब्दात पहिलाच 'उत्' म्हणजे वर. संस्कृतात या शब्दाचा जुना अर्थ प्राण देहातून निघून जाणे असा आहे. आपण तो नव्या कामाला लावला, आणि वर जाण्याची कल्पना शब्दाबरोबर फुकट आली. हिंदीतला 'विकासवाद' घ्या, तोही तसाच, वर चढणारा.

शिवाय हा विचार आपल्याकडे आला तो बराचसा हर्बर्ट स्पेन्सरच्या पुस्तकांतून. आमच्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर (आता टेंभू म्हटले की लोकांना उपसा सिंचन योजनाच आठवते) मिल आणि स्पेन्सर वाचून वाढले. आगरकरांनी त्याचा उपयोग चांगल्यासाठी केला. रूढी या आकाशातून पडलेल्या नाहीत, त्या काळाबरोबर घडल्या आणि काळाबरोबर बदलता येतात, हे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी शिव्याशाप सोसले. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. पण त्याच स्पेन्सरचा 'जो लायक तो टिकतो' हा शब्दप्रयोग आपल्याकडच्या सामान्य वाचकाने ऐकला, तेव्हा त्याने त्याचे भाषांतर मनातल्या मनात एका जुन्या म्हणीत करून टाकले. 'बळी तो कान पिळी.' आजही कोणाला उत्क्रांती म्हणजे काय विचारा. दहांतले आठ जण हेच सांगतील.

आता पतंगाकडे वळते. कारण ही म्हण चूक आहे हे त्यानेच दाखवले.

हा पतंग इंग्लंडातला. पंख पांढुरके आणि त्यावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. रात्री उडायचे आणि दिवसभर झाडाच्या सालीला चिकटून निजायचे, एवढेच त्याचे आयुष्य. झाडांवर फिकट दगडफूल वाढलेले असायचे, त्यावर तो बसला की दिसतच नसे. १८४८ मध्ये मँचेस्टरला याच जातीचा पूर्ण काळा पतंग सापडल्याची नोंद आहे. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तेव्हा आपल्या खानदेश-वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर तिकडच्याच गिरण्यांना गेला. त्या गिरण्यांच्या धुराड्यांतून निघालेल्या काजळीने आसपासची झाडे काळी पडली, सालीवरचे दगडफूल मेले. आणि पतंग बदलत गेले. १८९५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इकडे आगरकर वारले त्याच वर्षी, मँचेस्टरच्या परिसरातले शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे होते. सत्तेचाळीस वर्षांत. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढा काळ.

त्याच सुमाराला, १८९६ मध्ये, जे. डब्ल्यू. टट या कीटक अभ्यासकाने त्याचे कारण सुचवले. पक्षी. काजळलेल्या खोडावर पांढरा पतंग उठून दिसतो, पक्षी तो उचलतात. काळा लपून राहतो, त्याची पिल्ले वाढतात. बस्स. काळ्याने पांढऱ्याशी युद्ध केले नाही. तो पांढऱ्यापेक्षा बलवान नव्हता, हुशार नव्हता, वरचा नव्हता. तो फक्त दिसला नाही. इथे कोणी कोणाचा कान पिळलेला नाही.

एका पतंगाचा रंग पांढऱ्याचा काळा झाला, असेही झाले नाही. ही चूक मीसुद्धा बरीच वर्षे करत होते. जो पांढरा जन्मला तो पांढराच मेला. बदलले ते एकूण पतंगांतले प्रमाण, पिढ्यानपिढ्या. व्यक्ती बदलत नाही, वस्ती बदलते. ही गोष्ट वानराच्या तक्त्यावरून कधीच कळत नाही. तिथे वाटते की पहिलाच प्राणी हळूहळू ताठ होत गेला.

सगळ्यांत चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे हे सगळे डार्विनच्या हयातीत, त्याच्याच देशात चालले होते. १८७८ मध्ये आल्बर्ट फार्न नावाच्या एका पतंगप्रेमी गृहस्थाने त्याला पत्र लिहून दुसऱ्या एका जातीबद्दल असेच कळवले होते. चुन्याच्या भट्ट्यांच्या धुराने पांढऱ्या टेकड्या काळवंडल्या आणि तिथले फिकट पतंग कमी होऊन गडद वाढले, असे त्याचे निरीक्षण होते. सगळे जग वानरावरून भांडत होते, आणि पुरावा पाकिटात घालून दारात आला होता. त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. माझ्या वर्गात मी जे केले, तेच.

१९२४ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी कागदावर गणित मांडून दाखवले की एवढ्या झपाट्याने काळ्यांची सरशी व्हायची, तर पांढऱ्यांच्या तुलनेत ते जगण्याचे प्रमाण सुमारे दीडपट असले पाहिजे. निसर्गाच्या निवडीला असा आकडा लावण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, कुर्ता घालू लागले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पतंगाचे गणित मांडणारा माणूस आपल्याच देशात राहत होता, तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. आमच्यापर्यंत त्याचे नावही आले नाही.

पुढे १९५३ आणि १९५५ मध्ये बर्नार्ड केटलवेल यांनी रानात जाऊन तपासणी केली. दोन्ही रंगांच्या पतंगांवर खुणेचा ठिपका लावून ते सोडले आणि काही दिवसांनी किती परत सापडतात ते मोजले. बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात काळे साधारण दुपटीने परत मिळाले. डॉर्सेटच्या स्वच्छ रानात बरोबर उलटे झाले. १९५६ मध्ये इंग्लंडात हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, धूर कमी झाला, झाडांवर पुन्हा दगडफूल धरले, आणि पांढरे परतले. आता काळा पतंग तिकडे क्वचितच दिसतो. शिडी चढून वर गेलेला कोणी असा खाली उतरतो का? शिडी नव्हतीच. झाडाची साल होती.

या पतंगालाही विरोधक भेटले, हे सांगितले पाहिजे. पुस्तकांतली काही छायाचित्रे मेलेले पतंग खोडाला चिकटवून काढलेली होती, जिवंत पतंग खोडापेक्षा फांद्यांवर जास्त बसतात, केटलवेलने एके ठिकाणी फार पतंग सोडले, असे आक्षेप निघाले. काही खरेही होते. तेव्हा केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी २००१ पासून सहासात वर्षे आपल्या बागेत ४,८६४ पतंग सोडून पुन्हा सगळे मोजले. निष्कर्ष छापून येण्याआधीच, २००९ मध्ये ते गेले. २०१२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. पक्षीच कारण होते. २०१६ मध्ये तर काळ्या रंगामागचा जनुकांतला बदलही सापडला आणि तो १८१९ च्या आसपास झाला असावा असा हिशोबही निघाला. म्हणजे काजळी दाट होण्याआधीच एखादा काळा पतंग जन्मलेला होता. काजळीने त्याला काळे केले नाही. काजळी आली तेव्हा तो तिथे होता, एवढेच.

हे सगळे परदेशातले झाले, आपल्याकडचे काय, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. त्याचे उत्तर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिले. तो कृषी खात्यात आहे, बरीच वर्षे मराठवाड्यात होता, गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. एकदा बोलता बोलता मी त्याला या इंग्रजी पतंगाची हकीकत सांगू लागले, तर म्हणाला, "बाई, आमच्याकडं बोंडअळीचं तेच झालं की."

गुलाबी बोंडअळी ही एका लहानशा करड्या पतंगाची अळी. ती जवळजवळ कापसावरच जगते. २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचा गुण त्या झाडात घातलेला, अळीने खाल्ले की ती मरते. सुरुवातीला फवारण्या वाचल्या, शेतकरी खूश झाला. २००६ मध्ये दोन जनुकांचे सुधारित बियाणे आले. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिच्यासारख्या दुसऱ्या उरलेल्याशी तिची गाठ पडली. हे होऊ नये म्हणून प्रत्येक पाकिटाबरोबर साध्या कापसाचे १२० ग्रॅम बी दिले जात असे. ते कडेने लावायचे, म्हणजे त्यावर साध्या अळ्याही जगतात, त्यांचे पतंग त्या उरलेल्यांशी जुळतात आणि विष पचवणारी संतती वाढत नाही. पण तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याने पाच ओळी अळीसाठी सोडायच्या कशा? बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले. त्यात फरदड घ्यायची सवय, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभाच. अळीला बारा महिने जेवण. २०१० पर्यंत गुजरातमध्ये पहिले बियाणे निकामी झाल्याचे दिसले, पुढच्या चार-पाच वर्षांत दुसरेही. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातला कापूस हातचा गेला. फुलांच्या डोमकळ्या झाल्या, बोंडे फोडली की आत अळी.

त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हा औरंगाबाद नाव असलेल्या शहरात केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह एका संमेलनात म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, आणि हे शाळा-कॉलेजांत शिकवणे बदलले पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून विरोध केला, वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले. मी हे विद्यार्थ्याला आठवण करून दिले, तर तो हसला. म्हणाला, "बाई, वानराचं मला माहीत नाही. पण बोंडअळीचं आम्ही पाहिलं. तलाठी, ग्रामसेवक आणि मी, तिघांच्या सह्यांचे पंचनामे आहेत."

उत्क्रांतीचा पंचनामा! मी चाळीस वर्षांत इतके नेमके वाक्य बोलले नाही.

वानराचे महत्त्व कमी करायचे नाही मला. जेन गुडॉल १९६० मध्ये गोंबेच्या जंगलात गेल्या आणि चिंपांझी काडी सोलून वारुळातली वाळवी काढून खातो हे त्यांनी पाहिले, तेव्हा हत्यार करणारा तो माणूस ही जुनी व्याख्याच मोडली. भाऊबंद कोण आहेत हे कळणे मोठीच गोष्ट आहे. पण भाऊबंदकी कळण्याआधी शिडी डोक्यातून जावी लागते, आणि ती पतंग घालवतो. २०२२ मध्ये केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा दिला होता, याचे मला बरे वाटले. धडा असणे ही निम्मी गोष्ट. तो धडा होता तेव्हा मी काय केले, ते वर लिहिलेच आहे.

मागे एकदा विज्ञान दिनाला गावाकडच्या एका शाळेत बोलावले होते. भाषण नको म्हटले. काळ्या आणि पांढऱ्या कागदाच्या पन्नास-पन्नास टिकल्या कापून नेल्या. व्हरांड्यात धनगराची काळी घोंगडी अंथरली, टिकल्या पसरल्या आणि पोरांना सांगितले, तुम्ही पक्षी, मी दहा म्हणेपर्यंत सापडतील तेवढ्या उचला. मोजल्या तर हातात बहुतेक पांढऱ्या. मग घोंगडी काढून पांढरे धोतर अंथरले. आता हातात बहुतेक काळ्या. पोरांना खेळ आवडला, चारपाच वेळा झाला.

शेवटी मी विचारले, "आता सांगा, यातला वरचा पतंग कुठला आणि खालचा कुठला?"

पोरे गप्प. मग पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, वरचा-खालचा कुठं हाय ह्यात? खाली काय हातरलंय त्यावर हाय ते."

असो. त्या १९८० च्या मुलाचा ठावठिकाणा मला लागलेला नाही. आता तो साठीला आला असेल, त्याला नातवंडे असतील, ती शाळेत जात असतील. त्यांच्या वर्गात तो तक्ता टांगलेला असलाच, तर बाईंनी पुढचे पानही उलटावे, एवढेच मागणे आहे.